कुंड्यांना गेलेलं पाणी

बटणची आई बालवाडीत मदतीला गेली ती हौसेनं गेली, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर लोक म्हणायचे, बाई भांडण काढायलाच आली होती.

त्या बालवाडीचा नियमच होता. वर्षातून एक आठवडा प्रत्येक मुलाच्या आईनं येऊन हातभार लावायचा. कुणी नाक मुरडायची, कुणी सासूचं दुखणं पुढे करायची. हिनं शिवायला आलेले कपडे हातावेगळे केले, मशीनवर फडकं टाकलं आणि सासूला म्हणाली, "आई, आठवडाभर स्वयंपाकाचं तुम्ही बघा."

"बघते की. तू तिथं आपल्या पोरीकडे बघ," सासू म्हणाली. "सुकत चाललीय."

पोरीचं नाव कागदावर दुसरंच होतं. पण जन्मली तेव्हा एवढीशी, गोल गोल. बाप म्हणाला, हे तर बटण! तेच नाव चिकटलं. हे बटण गेले काही महिने सू करताना रडायचं. मधूनच ताप भरायचा. डॉक्टरीणबाईंनी दोनदा औषध दिलं, तिसऱ्यांदा मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिच्या पोटात पाणी जात नाही. लघवीच्या जागी सारखी सूज येते ती त्यानंच. असंच चाललं तर मूत्रपिंडापर्यंत जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"अहो, शाळेची बाटली रोज रिकामी येते!"

"मग सांडत असेल."

घरी आल्यावर आईनं पोरीला समोर उभं केलं. पाणी पितेस का ओतून देतेस? पोर म्हणाली, नाही पीत. मग जातं कुठं? बाटलीला भोक आहे? पोर म्हणाली, माहीत नाही. रोज तेच. एकदा आईचा हात सुटला. "एवढीशी आहेस आणि तोंडावर खोटं बोलतेस?" पोर हुंदके देत राहिली आणि हुंदके देता देताच उभ्याउभ्या दोन पेले पाणी पिऊन गेली. सासू म्हणाली, "अगं, तहानलेली आहे ती." आई म्हणाली, "नाटकं आहेत."

तर अशी ती मदतीला गेली.

मदतीच्या आईला आपल्या मुलाच्या वर्गात पाठवत नसत. आई दिसली की मूल भोकाड पसरतं, असं मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं, म्हणणं. म्हणून बटण मोठ्या गटात आणि हिची नेमणूक छोट्या गटात. नाकं पुसायची, उलटे घातलेले बूट सुलटे करायचे, खडूचे तुकडे तोंडातून काढायचे. सगळं तिला आवडलं. छोट्या गटाच्या बाईंचा आवाज असा गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. अंगणात कुंड्याच कुंड्या, पानं कशी तेलानं पुसल्यासारखी. येणारा-जाणारा म्हणायचा, जिथं झाडं एवढी जपतात तिथं मुलं किती जपत असतील!

सुरुवातीचे दिवस असे गेले. मग एकदा शाळा सुटायच्या थोडं आधी मावशीनं तिला हाक मारली. ही मावशी म्हणजे झाडलोट करणारी, आणि साऱ्या पोरांना संडासला नेणारीही तीच.

"बटणची आई, तेवढ्या बाटल्या उतरवता का? माझी कंबर आज माझं ऐकत नाही. उतरवा आणि कुंड्यांत ओता."

बाटल्या ओसरीवरच्या उंच कपाटावर, टोपल्यांत भरून ठेवलेल्या असत. सकाळी मुलं आली की दप्तरातून काढून वर ठेवायच्या. सांडू नयेत म्हणून असेल, असं हिला वाटायचं. ती स्टुलावर चढली. टोपली उचलताना हात खाली गेला, एवढी जड. उरलंसुरलं असेल, म्हणून तिनं पहिली बाटली कुंडीत उपडी केली. दुसरी केली. तिसरी केली. कुंडी भरून पाणी फरशीवर आलं तरी बाटली संपेना, तेव्हा ती थांबली.

"मावशी, या तर भरलेल्या आहेत."

"भरलेल्याच असतात."

"मुलं प्यायली नाहीत?"

"डब्याच्या वेळी पेल्यानं दोन-दोन घोट देतो की. वर आणखी कशाला? प्यायली की सू, आणि सू म्हटलं की मावशी! एक मी, एक संडास आणि ही एवढी वानरसेना. कुणाकुणाच्या चड्ड्या सोडू?"

"मग ओतायच्या कशाला? भरलेल्या जाऊ देत घरी."

मावशी हसली. शहाण्या माणसानं वेड्याला हसावं तशी. "जायच्या ना आधी भरलेल्या. मग रोज फाटकात एक आई पदर खोचून उभी. माझं लेकरू पाणी प्यायलं नाही, तुमचं लक्ष कुठं असतं! मग मोठ्या बाईंनीच तोड काढली. आता बाटली रिकामी जाते. आया खूश, कुंड्या खूश."

बटणच्या आईनं टोपलीत हात घातला. उरलेल्या कापडातून स्वतःच्या हातानं शिवलेली पिवळी पिशवी, तिच्यात बटणची बाटली. सकाळी भरली तशीच, गळ्यापर्यंत.

राग आला की तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. हिची आधी उजव्या हातात गेली. ज्या हातानं पोरीला मारलं होतं त्या हातात. त्याच हातानं तिनं बाटली उचलली.

ती तडक मोठ्या गटाच्या दारात गेली. मुलं मांडी घालून बसली होती. बटण दुसऱ्या रांगेत, पाय आवळून.

"बटण, इकडे ये. पाणी पी."

बटणनं बाटलीकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आत्ता नाही, आई," ती हळूच म्हणाली. "आत्ता प्यायचं नसतं."

 बाकीच्या सगळ्या मुलांच्या माना बाटलीकडे वळल्या होत्या, आणि एका पोरानं ओठांवरून जीभ फिरवली.

बाई उठल्या. "अहो, तुम्ही या वर्गात यायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय. आणखी काय काय ठरलंय तेवढं विचारून येते."

मोठ्या बाईंची खोली थंडगार होती. टेबलावर काचेचा पेला, त्यावर विणलेलं झाकण. मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एवढ्या शांतपणे की बटणच्या आईला आपणच वेड्यासारखं ओरडतोय असं वाटायला लागलं.

"बसा. असा त्रागा करू नये. मुलं इथं अर्धा दिवस तर असतात. अर्ध्या दिवसात पाण्यावाचून कुणी वाळत नाही. घरी पाजा."

"तुम्ही टेबलावर पेला कशाला ठेवलाय मग?"

मोठ्या बाईंनी ते ऐकलंच नाही. "आणि मुलांनी वर्गात ओलं केलं तर? तुम्ही आयाच नाकं धरून येता."

"आमचं आम्ही बघू. पण बाटल्या ओतून द्यायच्या? हे तर चोरी ती चोरी आणि वर शिरजोरी झालं! मी माझ्या पोरीला खोटारडी म्हटलं. मारलं तिला. ती खरं सांगत होती आणि खोटं तुम्ही बोलत होता. तेही तिच्याच बाटलीनं!"

तेव्हा मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. माणूस घासाघीस संपवताना आणतो तसा.

"हे बघा, तुमच्या मुलीची तब्येत नाजूक आहे, आम्हाला कल्पना नव्हती. उद्यापासून तिची बाटली तिच्या हाताशी राहील. हवं तेव्हा पिईल, हवं तेव्हा मावशी नेईल. झालं? फक्त हे आपल्यात. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत तिला घालायचंय ना? तिथं मुलं आमच्याच सांगण्यावरून घेतात. उगीच पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

खोटं कशाला सांगू, बटणच्या आईचा राग तिथं क्षणभर निवला. पोर वाचत होती. शाळाही वाचत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला काय कळणार होतं? तिनं मान डोलवायला सुरुवातही केली होती. मग तिला ते ओठांवरून जीभ फिरवणारं पोर आठवलं. उद्या बटण त्याच्या शेजारी बसून पाणी पिणार. आणि ते बघणार.

"पाणी कुठं आहे बाई, मासे म्हणवून घ्यायला?" ती म्हणाली आणि उठली.

घंटा झाली. मदतीच्या आईनं फाटकात उभं राहून एकेक मूल, त्याचं दप्तर आणि बाटली त्याच्या आईच्या हातात द्यायची, हेही ठरलेलं होतं. तिनं दोन्ही टोपल्या ओढत फाटकाशी आणल्या आणि बाटल्या देऊ लागली. काही न बोलता. बोलायला गेली असती तर ओरडली असती.

पहिल्याच आईनं बाटली हातात तोलून बघितली आणि लेकाचा दंड धरला. "आज एक घोट नाही? इतके दिवस पीत होतास, आज काय शिंगं फुटली?" तिचा हात वर गेला.

बटणच्या आईनं तो हात वरच्या वरच धरला. "मारू नकोस त्याला. मी मारून बसलेय. त्यांना पाणी देतच नाहीत. तुझी बाटली रोज कुंडीत जाते."

"काय बडबडतेस? तू मदतीला आहेस ना इथं? मग तू काय करत होतीस?"

"आज मी स्वतः तीन ओतल्या," बटणची आई म्हणाली. "चौथीला कळलं."

 मग एकीनं टोपलीतून स्वतःच बाटली उचलली, दुसरीनं उचलली. "अगं बाई, खरंच भरलेली." "म्हणून माझा घरी येऊन नळालाच तोंड लावतो!" "आणि मी त्याला हावरट म्हणते." पहिल्या आईनं झाकण उघडून बाटली लेकाच्या तोंडाला लावली. पोर घटाघटा प्यायलं, श्वास घ्यायला थांबलं, पुन्हा प्यायलं. मग सगळ्याच बाटल्या उघडल्या. बोलणं थांबून तिथं नुसता गिळण्याचा आवाज यायला लागला. बटणनं आधी शाळेच्या दाराकडे बघितलं. आईनं तिच्यासमोर उकिडवं बसून दाराची बाजू अडवली, तेव्हा ती प्यायली.

मोठ्या बाई धावत आल्या. "हे काय चाललंय? घरी जाऊन पाजा! फाटक अडवू नका!"

कुणी हललं नाही. थोड्या वेळानं एक पोर म्हणालं, "आई, सू." मग दुसरं. मग तर लागणच लागली. बटणच्या आईनं त्यांना गोळा केलं आणि आत घेऊन निघाली. मागून आया.

"एकच संडास आहे हो!" मावशी कंबर धरून ओरडली.

"खरंच एकच?"

मावशीनं मोठ्या बाईंकडे बघितलं. मग जमिनीकडे बघितलं. "एक बाईंचा आहे. त्याला कुलूप असतं."

"किल्ली द्या," बटणची आई म्हणाली.

"तो मुलांसाठी नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या बसून बोलू, सगळ्यांशी, शांतपणे—"

"उद्याचं उद्या. या पोराला आत्ता लागलीय. किल्ली द्या, नाहीतर तुमच्या खोलीतल्या गालिच्यावर रांग लावते. मी शिवणकाम करणारी बाई आहे, मला चड्डीच्या नाड्या सोडायला वेळ लागत नाही."

मागून एक आई फस्सकन हसली, पण बटणची आई हसत नव्हती. तिचा हात पसरलेला होता. पोरं मोठ्या बाईंच्या साडीला खेटून पाय आवळून उभी होती. त्यातल्या एकानं तर आधारासाठी साडीच मुठीत धरली. मोठ्या बाईंनी एकदा साडीकडे बघितलं, एकदा पोराच्या तोंडाकडे, आणि कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"तुमच्या मुलीला मात्र आता आम्ही ठेवून घेणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"काढा की नाव," बटणची आई म्हणाली. "आधी बाजूला व्हा."

तिनं कुलूप उघडलं, बाह्या वर सारल्या आणि रांगेतल्या पहिल्या पोराची नाडी सोडली. बटण रांगेत पाचवी होती.