फुकटे सोयरे आन् आनंदरावचा प्लान

"अजी, ते एफडी मोडाची गोष्ट आनखी एकडाव काढसान तं हे पेंडी तुमच्या टाळक्यात घालीन!"

बायजाबाई अशी खेकसली का खळ्यावरच्या कोंबड्या उडाल्या. आमी दोघी धान झोडपून राह्यलो होतो. मी शकुबाई, त्यायची शेजारीन. दोन्ही घरचं धान संगंच झोडपतो. तिचा नवरा आनंदरावभाऊजी बांधावर बिडी फुकत बसला होता, जसा का सारं जग त्याच्याच हुकमानं चालते.

भाऊजी राईस मिलमधून रिटायर झाले. पेन्शन-बिन्शन काही नाही. पीएफचे भेटले ते भेटले. त्याचा त्यायनं सोताच प्लान केला. अर्धे बँकेत एफडी, अर्धे नाटकात. आता तुमी म्हनसान, नाटकात पैसे कोन घालते? आमच्या झाडीपट्टीत घालते, बाप्पा! दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हंजे जत्रा भरते, रातभर नाटक होते. जो कंपनीले पैसे देऊन नाटक आनते, तिकिटाचा गल्ला त्याचा. मागच्या साली भाऊजीनं आनलं. शामियान्यात मुंगीले जागा नोहती, आन् गल्ल्यात खर्चापुरतीही दमडी नोहती. काहून? मंडईले अर्धा पवनी तालुका पाहुना येते. हा बुवा दाराशी हात जोडून उभा, "या मामाजी! या साळेसाहेब, पुढं बसा!" सोयऱ्याले तिकीट मागावं कसं? जीभ झडन ना!

मानूस एकडाव शेनात पडला तं पाय पाहून टाकते. हा म्हने, "एका नाटकात बुडलो, तं यंदा तीन आनतो. सारं निघून येते." तेही एफडी मोडून! कंपनीचा मानूस परवा ॲडव्हान्स नेवाले येनार होता.

आन् एफडी गेली तं खानार काय? पोरगा सुगत नागपूरले तिसऱ्या माळ्यावर दोन खोल्यायत रायते. तो तं चला म्हनतेच. पन बायजाबाई म्हने, "तेथं आंगन नाही, शेजार नाही. दिवसभर टीव्हीचं तोंड पाहू? मी मरीन तं आसगावातच मरीन."

मंग मीच म्हनलं, "भंडाऱ्याले एक म्याडम बसते. पैशाचा प्लान पाहून देते. फी घेते, पन नीट सांगते."

भाऊजी उसळले. "फी? पैसा माहा, आन् फी तिले? गावातली अक्कल मेली का?"

"गावातली अक्कल फुकट भेटते, म्हनून तं हे हाल झाले!" बायजाबाई बोलली. "म्हशीले हगवन लागली तवा डाक्तर आनला ना? तवा नाही म्हनले फी कायले?"

"म्हैस दूध देते!"

"आन् मी इतके वर्स भात रांधून घालून राह्यली, ते?"

भाऊजीनं बिडी बांधावर रगडून इझवली. दुसऱ्या दिवशी येस्टीनं भंडाऱ्याले गेलो. मलेही नेलं, भांडन सोडवाले.

रेणू म्याडम पोरगीच होती, चश्मेवाली. भाऊजीनं ऐटीत सारा प्लान सांगतला. तिनं आयकून घेतलं, मंग इचारलं, "काका, नाटकाला माणसं किती होती?"

"आठशे तरी!"

"तिकिटं किती गेली?"

भाऊजीनं बिडीच्या बंडलाले हात लावला, मंग काढला. "दीडशेक."

"बाकीचे?"

"सोयरे."

"मग तीन नाटकं आणली तर सोयरे तिन्हींत वाटले जातील का?"

"छ्या! तिन्ही पाह्यतीन!" भाऊजी छाती फुगवून बोलले. आन् बोलल्यावर त्यायचंच तोंड उतरलं.

म्याडम हासली नाही. "धंदा वाईट नाही, काका. दुकानदार वाईट आहे. हौस आहे तर एकच नाटक आणा, हाती उरलेल्या पैशातून. तिकीट सगळ्यांना. एफडीला हात लावायचा नाही. ती दोघांच्या नावावर करा, दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाही अशी."

बायजाबाईनं पदर तोंडाले लावला. मले वाटलं हासून राह्यली, तं ते रडत होती. "म्हंजे मले नागपूरले जा लागत नाही ना, बाई?"

"पैशापायी तरी नाही, मावशी."

भाऊजीनं एकेक नोट अशी काढली जसा कोनी दात उपटून राह्यला. फी देल्ली, उठलो. तं म्याडम लाजत लाजत म्हनते, "काका, माझ्या आईला आपल्याकडची नाटकं लय आवडतात. दोन पास मिळतील का?"

भाऊजीचे हात आपोआप जोडल्या गेले. "हो हो, पुढच्याच रांगेत..." खालून बायजाबाईनं त्यायच्या पायाचा अंगठा असा रगडला का मानूस कळवळला. उभ्या जन्मात जे जमलं नाही ते तोंडातून कसंबसं काढलं. "म्याडम, तिकीट शंभराचं हाय."

ते खळखळून हासली, आन् आताच घेतलेल्या नोटायतून दोनशे परत देल्ले. भाऊजी त्या नोटा उलट्या-पालट्या करून पाह्यत राह्यले.

येस्टीत बसलो तं माह्याकडं वळले. "शकुबाई, तुमच्या घरचे सात झन ना?"

"मी शेजारीन हाव जी, सोयरी नोहो!"

"म्हनून तं तुमच्यापासून सुरू करतो. काढा सातशे."

मी बायजाबाईकडं पाह्यलं. जन्माची मैत्रीन माही! तिनं माह्या पिशवीत हात घातला, बटवा काढला, आन् नवऱ्याच्या हातात देल्ला.