झुळकेचा कोरा फुगा

मुलांनो, एक लांबलचक टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर चित्रकथांचे ताजे छापील मासिक उघडे पडले आहे आणि भोवती पाच माणसे वाकून उभी आहेत. शेवटच्या पानावर झुळूक, म्हणजे वाऱ्यावर स्वार होणारी पंधरा वर्षांची मुलगी, अख्खे शहर पुरातून वाचवून छपरावर एकटीच बसली आहे. आज तिचा पहिलाच अंक. तिच्या तोंडापाशी बोलण्याचा फुगा आहे. फुगा कोरा.

"पहिल्याच अंकात पोरीची बोलती बंद," मासिकाचे मालक म्हणाले. "अहो अक्षरकाका, वाक्य कुठं गेलं?"

अक्षरकाका म्हणजे फुग्यांतली अक्षरे हाताने लिहिणारे. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या आरोळ्या लिहिल्या. स्वतः दिवसाकाठी दहा शब्द बोलले, तर डोक्यावरून पाणी. या अंकाचा लेखक त्यांना म्हणाला होता, "शेवटचं वाक्य तुम्हीच घाला काका. तुमच्या घरी याच वयाची मुलगी आहे." काकांनी तीन दिवस विचार केला. तोवर पान तयार झाले होते, म्हणून त्यांनी वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून डिंकाने चिकटवले. ती पट्टी आता टेबलाखाली सापडली. डिंक कमी पडला होता, म्हणून ती छपाईआधीच पानावरून गळली होती.

पट्टीवर होते, "कितीही उशीर झाला तरी मी घरी येईन."

आई गेल्यापासून मुलगी त्यांच्याशी कामापुरतेच बोलायची. आपल्या तोंडून जे निघत नाही ते झुळकेच्या तोंडून तिला सांगावे, एवढाच काकांचा बेत होता.

संध्याकाळी त्यांनी अंक मुलीपुढे ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला.

"बाबा, ही शेवटी काय म्हणते?"

"पट्टी पडली गं. डिंक जरा..."

"डिंकाचं नाही विचारलं मी. म्हणते काय ती?"

पट्टी खिशातच होती. काकांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग ते चष्मा पुसत बसले.

मुलीने पेन्सिल उचलून कोऱ्या फुग्यात लिहिले, "कुणी आहे का?" शेजारच्या मोकळ्या आभाळात आणखी एक फुगा काढला, तो रिकामाच ठेवला, आणि पेन्सिल बाबांच्या हातात दिली.