हेरपटातली मोलकरीण

अकरा वर्षं मी गर्दीचा आवाज होते. हसू नका, खरंच सांगते. परभाषेतला सिनेमा आपल्या भाषेत आणताना बाजारात, स्टेशनावर, लग्नाच्या मांडवात मागे जी माणसं गलका करतात ना, त्यातली "अगं बाई, पळा!" म्हणणारी मी. त्यामुळे आमच्या डबिंगच्या डायरेक्टरने एका सोमवारी बोलावून घेतलं आणि "तुला पात्र देतोय, बावीस वाक्यं, शेवटी पडद्यावर नाव येणार" म्हणाला, तेव्हा मी तिथेच नाचायची बाकी होते.

पात्र मोलकरणीचं होतं. सिनेमा हेरांचा, विनोदी. एक देखणा, वेंधळा हेर शत्रूच्या सेनापतीच्या बंगल्यात शिरतो आणि गोंधळ घालतो. त्या बंगल्यातली मोलकरीण परमुलखातून आलेली. आता परमुलखातली म्हटल्यावर ती चमचे चोरणार, बिनतारी यंत्राला इस्त्री समजून सदरे कडक करायला बघणार, तिच्या अंगाला वास येणार, आणि भाषा अशी मोडणार की प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळावी.

डायरेक्टरला आम्ही पाठीमागे घाईसाहेब म्हणतो. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "जितकं चुकीचं बोलशील तितकं चांगलं. पाणी आला, साहेब आली, असं सगळं उलटंपालटं. तुला काय कठीण आहे? आईचं ऐकतेसच की रोज."

माझी आईही परमुलखातूनच आलेली. ती एकदा मला डबा द्यायला स्टुडिओत आली होती आणि सगळ्यांसमोर घाईसाहेबांना म्हणाली होती, "ए, तू जेवलास का?" ते त्याच्या बरोबर लक्षात होतं.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. एरवी कोणी माझ्या आईबद्दल असं बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण बावीस वाक्यं आणि पडद्यावर नाव! मी खी खी करून हसले आणि कागद पिशवीत टाकून घरी आले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

घरी आई भांडी घासून पालथी घालत होती. मी भिंतीला टेकून वाक्यं घोकायला लागले. "साहेब, पाणी आला! साहेब, चादर धुतला!" चार-पाचदा म्हटलं. मला वाटलं, भांड्यांच्या आवाजात तिचं लक्ष नसेल.

"कोण आहे ही बाई?" तिने विचारलं.

"मोलकरीण. बाहेरून आलेली. विनोदी आहे."

"खोटी आहे," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"पाणी आला असं कोणी म्हणत नाही. नळ आला की सगळी गल्ली ओरडायची, पाणी आलं, पाणी आलं! ते ऐकून बादली घेऊन पळायचं. तो शब्द आम्ही कसा चुकणार? आणि चादर धुतला कुठलं? लॉजवर मला दिवसातून वीस वेळा विचारायचे, चादर धुतली का, चादर धुतली का. मी कशाला चुकेन?"

मला उगाचच झोंबलं. बावीस वाक्यं घेऊन आनंदात घरी यावं आणि इथे परीक्षा! "मग तू काही चुकतच नव्हतीस वाटतं?" मी फटकन म्हटलं.

"चुकत होते ना. माणसांशी चुकायचे."

आणि मग तिने मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. लग्न करून बाबांबरोबर ती इथे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. इथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. एका लॉजवर चादरी धुवायचं आणि फरशी पुसायचं काम मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात मालक खुर्चीत बसलेला असताना ती फडकं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मालक, ऊठ. पाय उचल. सरक तिकडे." सगळे नोकर फिदीफिदी हसले. मालक लालबुंद झाला आणि त्याने तिला त्याच दिवशी घालवून दिलं. का घालवलं ते तिला दोन वर्षं कळलं नाही.

"अगं, पण मालकाला कोणी ऊठ म्हणतं का!" मी म्हटलं.

"मला काय माहीत? मला सगळे तसंच म्हणायचे. ऊठ. चल. पूस. सरक. मी ऐकून ऐकून शिकले. मला कधी कोणी 'या, बसा' म्हटलं असतं, तर मलाही 'या, बसा' आलं असतं."

ती हे रडगाणं म्हणून सांगत नव्हती हो. शेवटचं पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि वाटाणे सोलायला बसली. मला मात्र आमच्या शाळेतल्या मोठ्या बाई आठवल्या. मी चौथीत असताना आई शाळेत आली होती आणि त्यांना म्हणाली होती, "बाई, तू हिला ओरड, पण चांगलं शिकव." सगळा वर्ग हसला होता आणि मी दोन दिवस आईशी बोलले नव्हते. पुढे तर तिला चारचौघांत दटावायची मला सवयच लागली. आई, असं नाही म्हणायचं. आई, तू गप्प बस बरं. माझी भाषा स्वच्छ, कारण तिने आपली भाषा माझ्याशी बोलायचीच बंद केली होती. मला कोणी हसू नये म्हणून, एवढ्याचसाठी. आज माझं पोट ज्या जिभेवर चालतं, ती जीभ मला कोणी दिली? आणि मी ती कुणाचं हसं करण्यासाठी वळवणार होते?

ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. काम सोडलं तर पुन्हा अकरा वर्षं "पळा, पळा". नाही सोडलं, तर आई थिएटरात येणार. माझं नाव येणार म्हटल्यावर ती पहिल्या खेळाला बसणारच. आणि शेजारचा माणूस त्या बाईला हसताना ती ऐकणार, तिच्या लेकीच्या आवाजात.

सकाळी मी थेट आमच्या डबिंगच्या लेखकाकडे गेले. त्याला सगळे स्वल्पविराम म्हणतात, कारण दर दोन शब्दांनी थांबतो. परभाषेतली वाक्यं आपल्या भाषेत आणून पडद्यावरच्या ओठांवर बसवणं हे त्याचं काम. प, ब, म आले की ओठ मिटतात, म्हणून तिथे ओठ मिटणारंच अक्षर हवं, अशा किचकट हिशेबात तो दिवस घालवतो. त्याला मी सगळं सांगितलं, लॉजचा मालक, ऊठ, सरक, सगळं. मधे मला रडू फुटलं, तर त्याने आपला चहा माझ्याकडे सरकवला.

"हशा... तर हवाच," तो शेवटी म्हणाला. "विनोदी सिनेमा आहे. पण हसायचं कुणाला, ते... आपण बघू."

दोन दिवसांत त्याने बावीसच्या बावीस वाक्यं नव्याने बसवली. ज्याचं नाव कुठल्या पाटीवर येत नाही अशा माणसाने माझ्या आईसाठी दोन दिवस डोळे फोडले, हे मी या जन्मात विसरणार नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी घाईसाहेब कागद बघून खवळला. "हे काय? हिचं व्याकरण तर चोख आहे! मोडकंतोडकं कुठाय?"

"एकदा ऐका तरी," मी म्हटलं.

"एकदाच. नाहीतर बाहेर दहाजणी उभ्या आहेत."

पडद्यावर सेनापतीच्या दिवाणखान्यात छातीवर बिल्ले लावलेले बडे अधिकारी ओळीने बसलेत, युद्धाचा नकाशा जमिनीवर पसरलाय, आणि मोलकरीण फडकं घेऊन आत येते. मी आईचा तो नम्र, कामसू आवाज लावला. "सेनापती, पाय उचल. तू रे, टोपीवाल्या, सरक तिकडे. मंत्री, ऊठ बघू. नकाशावर बसलायस." आणि पडद्यावर ते सगळे खरंच घाबरून पाय वर घेत होते! मूळ सिनेमात ते तिच्या वासाने पाय वर घेत होते, हे आता कुणाच्या मनातसुद्धा येणार नव्हतं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट इतका हसला की त्याची खुर्चीच मागे गेली आणि टेक वाया गेला. घाईसाहेब तोंडावर हात धरून उभा होता. मग तोही फुटला.

"पुन्हा घ्या," तो डोळे पुसत म्हणाला. "असंच."

राहिला प्रश्न स्वयंपाकघरातल्या प्रसंगाचा. हेर पाठलाग चुकवायला तिथे शिरतो आणि नोकर असल्याचं भासवत मोरीपाशी भांडी घासायला लागतो. मूळ सिनेमात तो तिथे मोलकरणीच्या अंगाच्या वासावर एक घाणेरडा विनोद मारतो, आणि ती बावळटासारखी तोंड वासून बघत राहते.

"हे वाक्य बदलता येणार नाही. हिरोचं आहे," घाईसाहेब म्हणाला.

"त्याची पाठ आहे कॅमेऱ्याकडे," स्वल्पविराम म्हणाला. एरवी कधी मान वर न करणारा माणूस! "पाठीला... ओठ नसतात. काहीही बसतं."

त्याने लिहिलेलं वाक्य होतं, "तुम्ही बसा. मी घासतो."

घाईसाहेबांनी ते तीनदा वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो घाई न करता खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ठेवा."

गंमत म्हणजे बाईच्या चेहऱ्याला कोणी हात लावला नव्हता. तेच वासलेलं तोंड, तेच विस्फारलेले डोळे. पण आता ती बावळट दिसेना. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बसा म्हटलं होतं, तशी दिसायला लागली. पुढे तिचे ओठ मिटून उघडत होते, एक छोटासा शब्द. मी म्हटलं, "बसू?" बरोबर बसला.

पहिल्या खेळाला आई माझ्या शेजारी होती. सेनापतीने पाय वर घेतले तेव्हा अख्खं थिएटर खदाखदा हसलं आणि आई सगळ्यांत मोठ्याने. माझ्या दंडावर चापट्या मारत होती. मोरीचा प्रसंग आला तेव्हा तिचा हात थांबला. ती पडदा बघत राहिली, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे तिकडच्या लोकांनी नाही लिहिलं. हे तुम्ही घातलं." शेवटी माझं नाव वर सरकत गेलं, तर ती उभी राहून शोधत होती. वाचता येत नाही तिला, मीच बोट केलं.

बाहेर आलो तेव्हा माझ्या मनात दिवसभर जे घोळत होतं ते तोंडातून निसटलं. "आई, मीसुद्धा तुला तूच म्हणते गं. जन्मापासून. लॉजवाल्यांसारखंच. आजपासून अहो आई म्हणू का? तुम्ही म्हणू?"

"खबरदार!" ती भर रस्त्यात थांबून ओरडली. बाजूने जाणारा एक सायकलवाला दचकला.

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. ऐक. हा 'तू' शब्द मी आधी कामावर ऐकला. मला वाटायचं, हा माणसाला हाकायचाच शब्द आहे. मग तू बोलायला लागलीस. एवढीशी होतीस, दीड वर्षाची. मी काम करून दमून यायचे, आणि तू दारात दोन्ही हात वर करून म्हणायचीस, आई, तू ये." तिने माझा हात घट्ट धरला. "मला तर माहीतच नव्हतं, तो शब्द असाही म्हणतात."