चालेल की!

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत जानकीची अगदी स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, वडिलांनी दिलेला सागवानी झोपाळा. बाकी घर नवऱ्याचं, लेकीचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं. कामं आवरून ती झोपाळ्यावर टेकली की तिला हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

रविवारी सकाळी ती अशीच टेकलेली असताना नितेश हातात पाना घेऊन समोर उभा राहिला. नितेश म्हणजे तिच्या नवऱ्याचा, चंद्रप्रकाशचा, चुलत पुतण्या. मढच्या बंगल्यांत शूटिंगं चालतात, तिथलं सामानसुमान तो जमवतो. खाली टेम्पो, मागे दोन धट्टीकट्टी माणसं.

"काकी, जरा ऊठ ना. साखळ्या काढायच्यात."

"कसल्या साखळ्या?"

"झोपाळ्याच्या. काकांशी बोलणं झालंय. सिरियलला हवाय, महिनाभर."

जानकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

"अहो, झोपाळा देऊन टाकलात?"

"मी? छे गं!"

"काका, पलटी नको हां मारू! मी फोनवर विचारलं, झोपाळा चालेल ना? तू म्हणालास, चालेल की, मस्त चालेल!"

"अरे, मला वाटलं, नीट चालतो का विचारतोयस! मागे तू आलास तेव्हा कडी कुरकुरत होती ना? कालच तेल घातलंय, म्हणून म्हटलं, चालेल."

जानकीने कपाळावर हात मारला. "लग्न झाल्यापासून हेच! दूधवाल्याला चालेल, वॉचमनला चालेल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते न ऐकताच चालेल. तोंड आहे की दारावरचं तोरण? कुणी आलं की हललंच!"

"पण काकी, मी तिकडे शब्द देऊन बसलोय. वाट लागेल माझी. आणि करार तोंडी झाला तरी करारच ना?"

लॉच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या लेकीने, श्रुतिकाने, पुस्तकातून मान वर केली. "तोंडी होतो रे दादा. पण एकाने विचारायचं, दुसऱ्याने कबूल करायचं, आणि दोघांच्या मनात गोष्ट एकच हवी. तुझ्या मनात टेम्पो, बाबांच्या मनात तेल. झालाच नाही करार. आणि झोपाळा बाबांचा आहेच कुठे?"

जानकीचा जीव भांड्यात पडला. पण नितेशने पाना खिशात घातला तो असा काही, की तिला त्याचीही कीव आली. कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"बोरिवलीला माझ्या भावाकडे एक झोपाळा नुसता पडलाय. विचारते त्याला. मी विचारेन, तुझा काका नाही."

नितेशचा चेहरा उजळला. तरी तिघंही जागचे हलेनात.

"आता काय राहिलं?"

"ते... काकांनी जेवायलाही बोलावलंय. म्हणून आम्ही खाऊन नाही आलो."

ओट्यावर तिघांपुरती दुधीची भाजी होती.

"आई, जेवणाचं आमंत्रण म्हणजे करार नव्हे हां," श्रुतिका म्हणाली. "कायद्याने तू अजिबात बांधील नाहीस."

"ठेव तो कायदा पुस्तकात. जेवायला ये म्हटलंय ना? मग कांदे चीर."

आणि ज्या झोपाळ्यासाठी एवढं भांडली, त्यावरून जानकी पाय आपटत उठली.

चंद्रप्रकाश पिशवी घेऊन दारात घुटमळला. "कोळंबी आणू? चालेल?"

"हो! 'हो' म्हणतेय मी, नीट ऐका. कोळंबी. आणि वाटेत कुणी काही विचारलं, तर तोंड उघडू नका."

"चाले—" म्हणता म्हणता त्याने तोंड मिटलं आणि जिना उतरला.