त्या जत्रेतला पाळणा

कोंडीरामने कानावरची निळी पेन्सिल काढली आणि ‘राणीचा बाग’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. कागद म्हणजे गेल्या निवडणुकीतलं समितीचं हँडबिल होतं. पुढच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असं ठसठशीत छापलेलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला कोंडीरामच्या घरची सहल.

“वाघ बघितलाय मी,” त्याची आई सुंदराबाई म्हणाली. “त्यानं पन मला बघितलंय. आता दोघांना येकमेकांचं नवल न्हाय.”

“मग चौपाटी?”

“पानी बघाया ट्रामचं पैसं घालवू? गावाला दारात खाडी हाय.”

चौपाटी खोडली गेली. उरला मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. त्याचं नाव निघताच नऊ वर्षांची बकुळा आजीच्या गुडघ्यावर रेलली.

“आजी, बूटच! आत शिरून वरच्या खिडकीतून बघता येतं. आमच्या वर्गातली कालिंदी जाऊन आली.”

“तू जा. मी म्हातारी झाले म्हनून काय बुटात ऱ्हाया जाऊ?”

त्याची बायको कांता चुलीपुढे बसली होती, ती पदर तोंडाशी धरून हसली. कोंडीरामला मात्र हसू येईना. दसरा झाला की त्याची आई बोटीने गावी जाणार होती, कायमची. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पडायला लागला होता. दिसतंय तोवर आपल्या दारात जाऊन बसते, म्हणाली, आणि तिचं म्हणणं मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. वीस वर्षं ती परळच्या या खोलीत राहिली. गिरणीच्या रिंग खात्यात राबणाऱ्या मुलाने तिला हॉस्पिटलाखेरीज कुठेही नेलं नव्हतं. ही गोष्ट कोंडीरामला अलीकडे फार खुपायची. निदान एक रविवार आईचा म्हणून काढायचा, चौघांनी जायचं, भाकरी बांधून न्यायची आणि पगाराला झेपेल तेवढंच हिंडायचं, असं त्याने ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं.

“मग तुला जायचंय तरी कुठं, आये?”

सुंदराबाईने मिश्रीचं बोट दातांवरून फिरवलं, सावकाश.

“पाळन्यात बसायचंय. मोठ्या. वर जाऊन खाली येतो त्या. दिसतंय तवर येकदा.”

कांताचा हात पातेल्यातच थांबला. बकुळाने बापाकडे पाहिलं. मोठा आकाशपाळणा मुंबईत कायमचा कुठे नव्हता, तो जत्रेबरोबर यायचा. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा नुकतीच उठली होती. माहीमच्या उरुसाला अजून अडीच महिने होते. मधे राहिली ती नवरात्रातली, देवीची. त्या देवीचं नाव गेल्या डिसेंबरपासून या घरात कोणी घेत नव्हतं. सगळे तिला नुसतं ‘ती जत्रा’ म्हणत.

कोंडीरामने पेन्सिल परत कानावर ठेवली. कागदावर खोडायला काही उरलं नव्हतं.

बाबासाहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दादरच्या वाळूत लाखो माणसांबरोबर उभं राहून कोंडीरामने दीक्षा घेतली होती. रडत रडतच तो घरी आला, देव्हाऱ्यातले टाक आणि त्या देवीची पितळी मूर्ती फडक्यात बांधली आणि समुद्रात सोडून आला. सुंदराबाई तेव्हा चकार शब्द बोलली नव्हती. तिने रिकामा कोनाडा राखेने घासला, पुसला आणि तिथे आपली मिश्रीची डबी ठेवली, एवढंच. ते गप्प राहणं कोंडीरामच्या मनात काट्यासारखं राहून गेलं होतं. पुढे तो चाळीच्या मंडळाचा चिटणीस झाला. दर रविवारी सकाळी पोराटोरांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घ्यायचं काम त्याचंच होतं. देवांना मानणार नाही, पूजणार नाही, हे बकुळा त्याच्याच मागून म्हणायला शिकली होती. आणि आता आईला नेमका त्याच देवीच्या दारातला पाळणा हवा होता. पाळणा हे नुसतं निमित्त असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. म्हातारीला जाण्यापूर्वी एकदा देवी बघायची होती. नाही म्हणावं तर आईची शेवटची इच्छा मोडते, आणि हो म्हणावं तर दिलेला शब्द मोडतो. काय करावं ते त्याला कळेना.

न कळल्यावर चाळीतली माणसं ज्यांच्याकडे जात, त्या बाबुराव मास्तरांकडे तो गेला. मास्तर म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायचे आणि मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“प्रतिज्ञेत पाळण्याबद्दल काही नाही,” ते म्हणाले.

“पण जत्रा तिची आहे, मास्तर.”

“जत्रा तिची. पाळणा कुणाचा? कंत्राटदाराचा. तो बहुधा मुसलमान असतो.”

“मग जावं?”

“तसं मी म्हटलं नाही. लोक बघतील. चिटणीसच जत्रेत, म्हणतील.”

“मग नको जाऊ?”

“आईला नाही कसं म्हणशील?” मास्तरांनी पुन्हा चष्मा काढला. डोळे चोळून ते म्हणाले, “असं कर. जा. नारळ नाही, फूल नाही, प्रसाद नाही. आणि पाळण्यात बसताना देवळाकडे पाठ करून बसा.”

कोंडीरामला हे एकदम पटलं. जिना उतरता उतरता ते अर्धं पटेनासं झालं. गोल फिरणाऱ्या वस्तूत पाठ नेमकी कुठे राहते, हे विचारायचंच राहिलं होतं. पण पुन्हा वर जाऊन विचारण्याची त्याला लाज वाटली.

रविवारी प्रतिज्ञा आटोपल्यावर ते निघाले. कांताने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. सुंदराबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसली होती, आणि नेमकं तेच कोंडीरामला खटकलं. देवळात जातानाच बायका असं नेसतात, असं त्याच्या मनात आलं. ट्राममध्ये तो आईच्या हाताकडे बघत होता. हातात काही नव्हतं. कनवटीला नारळ मावणार नाही, पण खडीसाखर मावेल, असाही विचार त्याने करून पाहिला.

जत्रेच्या तोंडाशीच ओटीच्या सामानाची दुकानं मांडलेली होती. कोंडीराम आईच्या आणि दुकानांच्या मधून चालला. ती डावीकडे सरली की तो डावीकडे सरायचा.

“मधीमधी काय करतोस रं?” ती म्हणाली. “आधीच दिसत न्हाय, त्यात तू आडवा.”

पाळण्याच्या तिकिटाशी आणखी घोळ झाला. पाटीवर दोन आणे लिहिलं होतं आणि तिकीटवाला नवे पैसे मागत होता. बारा की तेरा यावर रांगेतल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं. कोंडीरामने मूठभर जुनी-नवी नाणी पुढे केली. तिकीटवाल्याने त्यातली हवी ती वेचली आणि तीन तिकिटं दिली. कांताला पाचवा महिना होता, ती सगळ्यांच्या चपला सांभाळत खाली थांबली.

पाळण्याच्या खोक्यात समोरासमोर दोन बाकं होती. देऊळ डाव्या हाताला वर दिसत होतं, त्यावरून अंदाज घेऊन कोंडीरामने आईला एका बाकावर बसवलं आणि आपण तिच्या शेजारी बसला. समोर बकुळा बसली. तिच्या शेजारी पाळणेवाल्याने एक बाई आणून बसवली. हिरव्या काठाचं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर ओटीचं ताट आणि ताटात प्रसादाचा नारळ. आता हे ताट बरोब्बर सुंदराबाईच्या नाकासमोर आलं. मास्तरांच्या तोडग्यात समोर कुणी बसलं तर काय करायचं, ते नव्हतं.

खोकं थोडं वर गेलं आणि खालची माणसं भरण्यासाठी थांबलं.

“दर्शन झालं का हो, आजी?” बाईने सहज विचारलं.

कोंडीराम आईकडे वळला.

“न्हाय बाय. आमी पाळन्याला आलो.”

“अगोबाई! इथवर येऊन दर्शन नाही?”

“तरनी व्हते तवा धाकल्या नंदेकडं माझगावात ऱ्हायचे. तवापासून धा-बारा जत्रा केल्या. दर्शन येकदाबी न्हाय,” सुंदराबाई मोकळेपणी सांगू लागली. “सासरा संगं असायचा. तो म्हनायचा, खालच्या पायरीपाशी नारळ ठेवायचा, तिथनंच वाकायचं नि मागं फिरायचं. वर आपली पायरी न्हाय. देवळातली देवी कशी दिसते ते त्याला म्हाईत न्हवतं नि मलाबी न्हाय. ह्यो पाळनेवाला तेवढा बरा. पैसा दिला की कुनाच्याबी शेजारी बसवायचा. येकदा मला अशीच येक गोरीपान बाय शेजारी आली व्हती, मांडीला मांडी लागली. वर गेल्यावं ती भ्याली नि माझ्याच गळ्यात पडली. मी मनात म्हनलं, मी कोन ते इचारू नकोस बाय, खाली जाईस्तवर.”

ती हसली. समोरची बाई हसता हसता थांबली. तिने मांडीवरचं ताट हळूच आपल्याकडे ओढून घेतलं आणि पदराने झाकलं.

कोंडीरामने ते पाहिलं, पण त्याचं चित्त तिथे नव्हतं. खोकं आणखी वर गेलं. जत्रेची छपरं, नारळाची झाडं, मग एकदम पसरलेला समुद्र दिसला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते या परक्या बाईसमोर विचारायची सोय नव्हती. तरी त्याने विचारलंच.

“आये, मी देव नेऊन समुद्रात सोडले, तेव्हा तू काही बोलली नाहीस.”

“काय बोलायचं?”

“वाईट वाटलं असंल तुला. म्हणून गप्प बसलीस.”

सुंदराबाईने आपला अर्धा दिसणारा डोळा त्याच्याकडे वळवला. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

“वाईट? कोनाडा मोकळा झाला. माझ्या डबीला घरात जागा न्हवती.”

दहा महिने उराशी धरून ठेवलेलं ओझं असं दोन वाक्यांत निघून गेलं, तेव्हा कोंडीरामला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण नक्की काय धरून बसलो होतो, तेच त्याला उमजेना. आई दुःखात आहे असं समजून तो तिच्यापुढे मान खाली घालत आला होता. मग ते दुःख होतं कुणाचं?

इतक्यात पाळणा सुटला. आता तो माणसं भरायला थांबत नव्हता, पुरा फिरत होता. खोकं माथ्यावर पोचलं, क्षणभर तिथेच लटकलं आणि कुठल्याशा कडीचा कर्रकन आवाज होऊन एका अंगाला कललं. बकुळा किंचाळली. समोरच्या बाईच्या मांडीवरचं ताट खाली घसरलं, नारळ घरंगळत बाकाखाली गेला, आणि त्या बाईने पुढे झेपावून सुंदराबाईचे दोन्ही हात घट्ट धरले. खाली जत्रा गरगरली. घाबरून मान वळताच देऊळ समोर आलं, पाठ अशी तिथे कुठे राहतच नव्हती.

आणि कोंडीरामच्या तोंडून देवीचं नाव बाहेर पडलं. दहा महिने घरात न उच्चारलेलं, लहानपणी पायरीपाशी आईच्या कडेवरून शिकलेलं, ‘आई’सकट पूर्ण नाव. ते मोठ्याने पडलं. त्याचे हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले.

खोकं सावरलं आणि सावकाश उतरू लागलं. त्याने डोळे उघडले तेव्हा बकुळा त्याच्याकडेच बघत होती. तिची भीती पळाली होती आणि तिच्या जागी भलताच गोंधळ आला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही हात जोडलेत.”

जोडलेले हात खाली घ्यायचं कोंडीरामला सुचेना.

“हात कुठं जोडलं?” सुंदराबाई म्हणाली. परक्या बाईने अजून धरून ठेवलेले आपले हात तिने हलकेच सोडवून घेतले, मुलाची मनगटं पकडली आणि त्याचे तळवे एकेक करून पुढच्या लोखंडी दांड्यावर नेऊन ठेवले. “दांडा शोधत व्हता त्यो. भ्याला की मानसाला दिसत न्हाय. माझ्यासारखंच हाय त्याचं.”

“पण नाव पण घेतलंत.”

“आईला हाक मारली त्यानं. मी बसलेय की हितं.”

बकुळाने जरा विचार केला आणि मान हलवली. ती वाकून त्या बाईचा नारळ बाकाखालून काढू लागली.

पाळणा आणखी तीन वेळा वर गेला आणि खाली आला. दर वेळी माथ्यावर सुंदराबाई मान उंच करून समुद्राकडे बघत होती, डोळ्याच्या उरल्यासुरल्या कोपऱ्यातून. कोंडीराम फक्त दांड्याकडे बघत होता. शेवटी खोकं जमिनीशी थांबलं. ती बाई ताट घेऊन उतरली आणि जाता जाता थांबून सुंदराबाईला म्हणाली, “येते हं, आजी.” बकुळा उडी मारून कांताकडे चपला मागत धावली.

“उतर की रं,” सुंदराबाई म्हणाली.

त्याच्या मुठी दांड्यावर होत्या. पाळणेवाला ओरडत होता, मागची माणसं खोळंबली होती.

“सोड आता. खाली आलो आपन.”