एकोणिसाव्या धड्याचं कुलूप

ऑफिसात मला सगळे मास्तर म्हणतात. सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मग पोरं ऐकेनाशी झाली की माझाच आवाज बसला कोण जाणे, पण मी इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाइट तयार करण्याच्या कामाला लागलो. पोटापाण्यासाठी परमुलखात आलेल्या आपल्या मोठ्या माणसांसाठी आम्ही एक साइट तयार केली. बावीस धडे, प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्न. आठ बरोबर आले तरच पुढच्या धड्याचं कुलूप उघडणार. ही कुलपं माझी.

आमची प्रोग्रॅमर पोरगी तेव्हाच म्हणाली होती, की मोठी माणसं आहेत, ज्याला जे हवं ते उघडू द्या. मी तिला झाडलं. पाया घातल्याशिवाय कळस चढत नाही, हे मी तिच्या जन्माआधीपासून सांगत आलो होतो. तिने मुकाट्याने कुलपं लावली. धड्यांची नावं मात्र सगळ्यांना दिसायची, प्रत्येक नावापुढे पिवळं कुलूप.

मग आली साइटची तपासणी. वाचनालयाच्या वरच्या खोलीत सहा कॉम्प्युटर, सहा शिकणारे, आणि मागे खुर्ची टाकून मी. आमच्या धंद्यात निरीक्षकाचा नियम कडक असतो: हाताची घडी, तोंडावर बोट. शिकणारा कितीही अडला तरी मदत करायची नाही, कारण तो घरी साइट उघडेल तेव्हा त्याच्या पाठीशी तुम्ही नसणार. कोण कुठे अडलं, किती वेळा, एवढंच फॉर्मवर लिहायचं. फॉर्मचा शेवटचा रकाना असा: निरीक्षकाने मदत केली का? तिथे मी रोज ठसठशीत ‘नाही’ लिहायचो. त्याचा मला अभिमान होता.

तिसऱ्या कॉम्प्युटरवर एक काकू बसायच्या. कपडे मापाचे करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करायच्या, बोटाला कायम चिकटपट्टी. पहिले तीन धडे त्यांनी झटक्यात उरकले आणि घोडं चौथ्यावर अडलं. त्या धड्यात एक मांजर आहे. ती टेबलाखाली आहे, टेबलावर आहे की खुर्चीमागे, ते ओळखायचं. काकूंना दर वेळी सहा नाहीतर सात.

“ही मांजर एका जागी बसत का नाही?” एकदा त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाकीचे हसले. मीही हसलो, अर्थात आवाज न करता.

दहा दिवसांत त्यांनी ती परीक्षा एकेचाळीस वेळा दिली. मध्येच त्या यादीत खाली जायच्या आणि एकोणिसाव्या धड्याच्या कुलपावर क्लिक करायच्या. कुलूप नुसतं हलायचं. अठरा वेळा. मी फॉर्मवर लिहिलं: कुलपाचं चित्र आकर्षक, पुढे जाण्याची ओढ निर्माण होते. ऑफिसच्या बैठकीत हेच आकडे मी कॉलर ताठ करून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रोग्रॅमर पोरीने विचारलं, “पण एकोणिसावाच का, मास्तर?” मी म्हटलं, असेल त्यांचा लकी नंबर.

त्याच संध्याकाळी जिन्यात काकूंनी मला थांबवलं. “सर, तेवढा एकोणिसावा उघडून द्याल का?”

तपासणीची वेळ संपली होती, म्हणजे नियमही आड येत नव्हता. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हसून म्हणालो, “आधी पाया, मग कळस, काकू.”

“बरं,” म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.

त्यानंतर दोन आठवडे त्या आल्या नाहीत. मी फॉर्मवर ‘गळती’ असा शिक्का मारला. आल्या तेव्हा खूप वाळल्या होत्या. आपल्या जागेवर बसल्या, चौथा धडा उघडला, आणि पहिल्याच फटक्यात आठ आले. पाचव्याचं कुलूप गळून पडलं, पडद्यावर फुगे उडाले. त्या फुग्यांकडे बघत बसून राहिल्या. मी नियम गुंडाळला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नवरा महिनाभर हॉस्पिटलात होता. रात्रीचे आठ वाजले की नर्सबाई येऊन काहीतरी गोड बोलायची, दार दाखवायची, आणि काकू निघायच्या. औषधपाण्याचं बोलायला दुभाषा येई. पण रात्री इथे बसू का, एवढ्याशा गोष्टीसाठी त्याला कोण बोलावणार? ते त्यांना स्वतः विचारायचं होतं. नवरा पहाटे गेला, एकटाच. नंतर दुभाष्याकडून कळलं, की विचारलं असतं तर तिथे खुर्ची देतात, पांघरूणही देतात.

“एकोणिसाव्याचं नाव वाचलं होतं. ‘हॉस्पिटलात बोलताना’,” त्या म्हणाल्या. “त्यात असेल असं वाटलं.”

मला माझी लाज वाटली, आणि ती आजही तशीच आहे. मी तिथूनच प्रोग्रॅमर पोरीला फोन केला. सगळी कुलपं काढ म्हणालो. पाच मिनिटांत बावीसच्या बावीस कुलपं गेली. वरातीमागून घोडं.

काकूंनी एकोणिसावा उघडला. ते वाक्य चौथ्या ओळीत होतं. त्यांनी बटण दाबून ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग स्वतः म्हणून पाहिलं. स्वच्छ, एकही चूक नाही. चार-पाच शब्दांचं वाक्य. त्यात मांजर नव्हती, टेबल नव्हतं.

“एवढंच होतं?” त्यांनी मला विचारलं.

“एवढंच,” मी म्हणालो.

त्यांनी पर्स उचलली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेल्या. मी माझ्या जागेवर येऊन त्या दिवसाचा फॉर्म भरला. शेवटच्या रकान्यात, मदत केली का, याच्यापुढे बराच वेळ पेन टेकवून बसलो. मग ‘नाही’ लिहिलं.