चार नंबरची लाइन

"गेली! चार नंबर परत गेली!" चाचणीवाल्या पोरीने खुर्चीतूनच बांग दिली, आणि वायरमन मुकाट्याने उठला.

वायरमन हे ऑफिसने ठेवलेलं नाव. वायरींशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या ताब्यात होते ते गावोगावी ठेवलेले मोबाइल. गिऱ्हाइकाचं ॲप त्या त्या गावातल्या माणसाला फोनवर कसं दिसतं, हे इथे बसून तपासायचं, तर इंटरनेट तिथल्याच फोनमधून फिरवून आणावं लागे. अशा प्रत्येक फोनला ते लाइन म्हणत, आणि सगळी टीम मिळून त्या लाइनी वापरत. पूर्वी त्यावरून रोज जुंपायची. एक जण अर्ध्या कामात असताना दुसरा खुशाल लाइन ओढून घ्यायचा, आणि पहिल्याची सगळी मेहनत पाण्यात. वायरमनने प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, काम संपेपर्यंत लाइनला कुलूप राहील अशी सोय केली, आणि भांडणं मिटली. सगळ्या लाइनी गुण्यागोविंदाने नांदू लागल्या. एक चार नंबर सोडून.

चार नंबर त्याच्या आईच्या घरी होती. त्या गावात फोन ठेवायला जागा मिळेना, तेव्हा "आमच्या घरी ठेवू की" असं हाच बोलून बसला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच. खिडकीतल्या फळीवर एक जुना फोन चार्जरला लावून ठेवायचा, एवढंच तिचं काम. पण दुपारच्या चहाच्या सुमारास लाइन पडायची, आणि वायरमन जिन्यात जाऊन आईला फोन लावायचा.

"आई, तो खिडकीतला फोन बघ गं. बंद पडलाय."

"पडला का? थांब हं, चष्मा घेते."

चष्मा काही सापडायचा नाही. तो शोधता शोधता नळ गळतोय हे निघायचं, शेजारणीची सून माहेरी जाऊन बसलीय हे निघायचं, मग गुडघा निघायचा. "तू जेवलास का? आवाज बसल्यासारखा वाटतोय." लाइन परत येईपर्यंत इकडे वायरमनचा चहा निवून जायचा.

एरवी तो आईला फोन करतच नसे असं नाही, पण करतही नसे. तिचा आला की "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" हे ठरलेलं, आणि ते नंतर काही उगवत नसे. हळूहळू तिनेही फोन करणं सोडलं. रोज दोन शब्द बोलायला काय धाड भरली होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एक दिवस मॅनेजरबाईंनी त्याला आत बोलावलं. मोठं गिऱ्हाईक येणार होतं. त्यांच्या माणसांसमोर, वायरमनच्या आईच्याच गावच्या लाइनवरून, दिवसभर चाचणी. "त्या दिवशी चार नंबर पडली, तर हे सगळं काम मी बाहेरच्या कंपनीला देऊन टाकणार," बाई म्हणाल्या. "मग तुला इथे ठेवून करायचं काय, हा प्रश्न मलाही पडेल." त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या नुसती धमकी देत नव्हत्या, हे वायरमनला त्यावरूनच कळलं.

त्याने सिम बदलून घेतलं, नवा चार्जर पाठवला, इथून करता येतील ती सेटिंगं उलटीपालटी केली. लाइन पडायची ती पडलीच. शेवटी एका दुपारी त्या फोनची स्क्रीन आपल्या कंप्यूटरवर उघडून तो डोळ्यांत तेल घालून बसला. बॅटरी भरलेली, रेंज पुरेपूर. चहाची वेळ झाली, आणि एकाएकी स्क्रीन उजळली. 'फोन बंद करायचा का?' असा प्रश्न उमटला. कोणाचं तरी बोट भलतीकडेच लागलं आणि प्रश्न गेला. थोड्या वेळाने परत आला. या वेळी बोट बरोबर जागी पडलं, आणि स्क्रीन काळी झाली.

"गेली! चार नंबर गेली!"

कोणी बघायच्या आत वायरमनने ती खिडकी मिटवली. तिकडे आई आता खुर्ची ओढून त्याच्या फोनची वाट बघत असणार. सांगणार कोणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. टीमला सांगावं तर आईचं हसं व्हायचं, आणि आईला सांगावं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं. तो जिन्यात गेला.

"आई, तो फोन बंद पडलाय गं."

"पडला का? थांब हं, चष्मा घेते."

"घे, सावकाश घे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो चहाच्या आधीच फोन करू लागला, उगाचच. नळाचं काय झालं, सून आली का. लाइन पडेना. "काय केलंस रे?" बाईंनी कौतुकाने विचारलं. "सेटिंग बदललं," एवढंच तो म्हणाला.

चाचणीच्या दिवशी त्याने सकाळीच आईशी बोलून घेतलं, आज ऑफिसात मोठं काम आहे एवढं सांगितलं. आज तेवढा तो फोन बंद करू नकोस, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे मला सगळं कळलंय हेच सांगणं. त्याने शब्द गिळले. दुपारी फिरून एकदा लावू म्हणाला, तर गिऱ्हाइकाच्या माणसांनी सगळ्यांचे मोबाइल दाराबाहेर टोपलीत ठेवायला लावले आणि दार लावून घेतलं. टीममधले तिघे आळीपाळीने चार नंबरवर कामाला बसले. भिंतीवरच्या पडद्यावर लाइनचा हिरवा ठिपका. बाहेर चहाच्या कपबशा वाजल्या, आणि वायरमनची नजर त्या ठिपक्याला चिकटली. उठून जाता येईना, कोणाला सांगता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नको गं आई, आजचा दिवस नको, असं तो मनात म्हणत राहिला, आणि आईच्या एवढ्याशा हौसेला आपण असं भ्यावं याची त्याला लाज वाटली.

ठिपका हिरवाच राहिला.

संध्याकाळी बाई कधी नव्हे त्या हसल्या. गिऱ्हाइकाला आता त्याच गावच्या दहा लाइनी हव्या होत्या. त्यासाठी तिथे रीतसर खोली घ्यायची, देखरेखीला माणूस ठेवायचा. "तुझ्या आईची कटकट मिटली बघ," बाई मोकळ्या मनाने म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, आजच तो फोन बंद करून टाका. आणि माझे आभार सांग." काही दिवस तरी तो तिथेच राहू द्या, असं म्हणावंसं त्याला वाटलं. पण का, असं बाईंनी विचारलं असतं, आणि मग आईचं सगळं सांगावं लागलं असतं.

आईने पहिल्याच घंटेला फोन उचलला. "चालू आहे हं! दिवसभर चालू आहे."

"हो गं. छान चालला. आई, आता तो लागणार नाही. इथली माणसं तिकडे खोली घेतायत, सगळे फोन तिथेच ठेवणार. तू बंद करून ठेवून दे."

"म्हणजे यापुढे बंद पडला तरी..."

"पडला तरी चालेल."

"बरं," आई म्हणाली.

"मी करीन ना फोन. रोज करीन." हे आपण पूर्वीही किती वेळा म्हटलंय ते त्याला बोलता बोलताच आठवलं.

"करशील रे. पण तुला कामं असतात." मग ती थोडंसं हसली, ओशाळल्यासारखी. "आता मी काय बिघडवू?"